मदत हवी आहे: फिलिपिनो कलाकार टीव्हीवर इतकं इंग्रजी का बोलतात?
टागालोग (मनिलाकडची मुख्य भाषा) शिकतोय. कान तयार व्हावा म्हणून मनिलाचे टॉक शो बघतो, पण कलाकार वाक्य टागालोगमध्ये सुरू करून इंग्रजीत संपवतात. काही मुलाखती तर जवळपास इंग्रजीतच! '२४ ओरास'च्या बातम्या मात्र टागालोगमध्ये असतात, म्हणून कोडं आणखी वाढलं.

१९४६ पर्यंतची अमेरिकी सत्ता, १९७४ पासूनचं द्विभाषिक शिक्षण, १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनो (टागालोगवर आधारित राष्ट्रभाषा) सोबत इंग्रजीलाही अधिकृत दर्जा, हे सगळं वाचून झालंय. दक्षिणेकडच्या सेबू बेटावरच्या कलाकारांची मातृभाषा सेबुआनो असते, तेही समजू शकतो. पण मनिलातच वाढलेलेही असंच बोलतात.

तिकडे राहिलेलं किंवा काम केलेलं कुणी इथे आहे का? ही त्यांची घरातली, शाळेतली रोजची बोली आहे, की कॅमेऱ्यासमोर प्रतिष्ठेसाठी इंग्रजी वाढतं?