मदत हवी आहे: बाळंतिणीला केळं चालतं का? (माहेर रावेरकडचं!)

नमस्कार मंडळी,

बाळंतपणाला माहेरी आलेय, रावेर तालुक्यात. बाळ दीड महिन्याचं, फक्त अंगावरच्या दुधावर. वजन छान वाढतंय, लंगोटही भरपूर ओले होतात. प्रश्न माझ्या ताटाचा आहे.

सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी मऊ भात-तूप-मुगाचं वरण, रात्री तेच, वर चघळायला बाळंतशेपा. लाडवांबद्दल तक्रार नाही, आईने खारीक-खोबरं-मेथी घालून मनापासून केलेत. पण वांगं वातूळ, उडीद जड म्हणून कळण्याची भाकरी बंद, तूर-चवळीने बाळाला गॅस होतो, दह्या-ताकाने कफ. आणि केळं! घरामागे बाग, दारावरून केळीचे ट्रक भरून जातात, पण मला एक मिळत नाही, कारण बाळाला सर्दी होईल. पाणीसुद्धा कोमट आणि मोजून, नाहीतर पोट सुटतं म्हणे. त्यात आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन. सारखी तहान लागते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही.

सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्यात. आई दोन्ही एकदमच देते, सकाळच्या चहाबरोबर. चालतं का?

आईशी भांडायचं नाही, रात्री बाळ रडलं की तीच उठते. नेटवरचे ओट्स-अ‍ॅव्होकाडोवाले तक्ते नकोत. इथे पिकतं त्यातलंच सांगा, आणि तिला पटेल असं कसं सांगू तेही.

प्रतिसाद १

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, मूळची धुळ्याची. आधी डोकेदुखी: ती उन्हामुळेच आहे असं धरू नकोस, आजच बीपी तपासून घे. बाळंतपणानंतर काही आठवडे ते वाढू शकतं. डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा डोकं फारच ठणकलं तर तडक दवाखाना.

पाणी तहान लागेल तितकं पी. पाजायला बसताना तांब्या शेजारी ठेव. पोट सुटण्याशी त्याचा संबंध नाही. बाळाला मात्र उन्हाळा असला तरी सहा महिने वरचं पाणी नको.

पहिल्या सहा महिन्यांत बाळंतिणीला रोज साधारण ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. तूप-भाताने कॅलरी भरतील, प्रथिनं नाही. म्हणून डाळी, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी हवीतच. कळण्याची भाकरी तर उत्तमच, ज्वारी-उडदाची जोडी आहे ती. तुझ्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही, तेव्हा बिनधास्त खा. सोबत मेथी-पालक, पोटासाठीही बरं.

गोळ्या वेगळ्या कर. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोह जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दोन-तीन तासांनी.

प्रतिसाद २

आईला तू नको सांगूस. गावातल्या आशाताईंना घरी बोलव, आईसमोर त्यांनाच बोलू दे. आमच्या नंदुरबारकडे सासूबाईंनी माझं एक ऐकलं नव्हतं, आशाताईंचं निमूट ऐकलं. आणि एकदम सगळं सुरू करू नकोस, आधी ताक मागून बघ, जिरं घालून. आया ताकाला लवकर तयार होतात.

धागाकर्ती

दोघींचे आभार. बीपी दाखवायला संध्याकाळी जातेय, गोळ्यांचं आईला सांगितलं, तेवढं लगेच पटलं. आशाताईंनाही फोन केलाय. आता एकच विचारते, हसू नका: शेवभाजी कधीपासून चालेल?