बोजाऱ्यातल्या टॉफ्यांचं काय करू? मदत हवी आहे

परवा तान्हा पोळा झाला. लाकडी बैल घेऊन आमचे दोन पोट्टे नागपुरातला अख्खा महाल भाग फिरून आले. बोजारा म्हणून घरोघरी मिळालेले पैसे कालच उडाले, उरल्या दीडेक किलो गोळ्या! या दमट हवेत संत्रागोळ्यांचं कागदासकट ढेकूळ झालं. कागद सोलून कोमट पाण्यात विरघळवल्या, लिंबू पिळलं. सरबत बरं झालं. चॉकलेट वितळवताना मात्र वाफेचं पाणी पडलं अन् त्याचा पार रवा झाला, शेवटी दुधात उकळून पाजलं. आता दाताला चिकटणाऱ्या दुधाच्या टॉफ्या उरल्यात. शेंगदाण्याच्या चिक्कीत गुळाऐवजी चालतील काय? पावशेर दाण्यांना किती घालू? मोदकात भरा म्हणू नका बाप्पा, उद्या गणपती बसतात, सासूबाई मलाच घराबाहेर काढतील.