ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पाच हजार डॉलरचं तिकीट

सांजवारा: जुलै २०२२ मध्ये अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अमेरिका दौऱ्याची तिकिटं विक्रीला आली आणि 'मागणी तसा भाव' पद्धतीमुळे काही जागा पाच हजार डॉलरपर्यंत गेल्या. त्याने ते थांबवलं नाही. मला हा त्याच्याच गाण्यांशी केलेला दगा वाटतो. न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डचा मुलगा, वडील कधी कारखान्यात, कधी बसवर चालक. नोकरी गेलेली माणसं, ओस पडलेली गावं हेच त्याचे विषय. ती माणसं दाराबाहेर ठेवून गायचं कोणासाठी? १९८० पासून चाललेलं 'बॅकस्ट्रीट्स' हे चाहत्यांचं नियतकालिक या प्रकाराने इतकं दुखावलं, की २०२३ मध्ये त्यांनी कामच बंद केलं.

आडवाट: पाच हजार हा टोकाचा भाव. विक्री करणाऱ्या कंपनीने सांगितलेली सरासरी २६२ डॉलर होती आणि हजाराच्या वरची तिकिटं जेमतेम १.३ टक्के. शिवाय स्वस्त तिकीट दलाल उचलतात आणि चढ्या भावाने विकतात. तो पैसा मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये, हा ब्रूसचा मुद्दा मला पटतो. जुन्या व्यवस्थापकाशी झालेल्या कोर्टकज्ज्यात ऐन उमेदीत त्याला रेकॉर्डिंग करता येत नव्हतं, १९७७ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुटका. अशा माणसाने आपल्या कामाचं मोल ओळखलं तर बिघडलं काय?

काजळरेघ: त्याला पैशाचा लोभी म्हणणाऱ्यांनी त्याचा 'नेब्रास्का' हा अल्बम आठवावा. आधीचा अल्बम 'द रिव्हर' पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेला, रेकॉर्ड कंपनी पुढच्या धमाक्याची वाट बघतेय. आणि हा जानेवारी १९८२ मध्ये कोल्ट्स नेकच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी टेप करतोय. ती कॅसेट वेष्टनाशिवाय जीन्सच्या खिशात घेऊन हिंडला. स्टुडिओत बँडबरोबर तीच गाणी वाजवून पाहिली, पण जमेना. कॅसेटवरचा तो एकटेपणा काही केल्या येत नव्हता. शेवटी तीच कॅसेट रेकॉर्ड म्हणून बाहेर काढली, दौरासुद्धा केला नाही. आजही तो अल्बम रात्री ऐकला की अंगावर काटा येतो.

सांजवारा: अहो, मी तेच म्हणतोय! ज्याने तेव्हा बाजाराला नाही म्हटलं, त्याला २०२२ मध्येही म्हणता आलं असतं. आणि सरासरी २६२ डॉलर हे स्वस्त कुठून? 'द क्युअर' या ब्रिटिश बँडच्या गायकाने, रॉबर्ट स्मिथने, २०२३ मध्ये ही पद्धत नाकारली, काही तिकिटं २० डॉलरला ठेवली, वर आकारलेल्या जादा शुल्कावर आवाज उठवून थोडे पैसे परतही मिळवून दिले. म्हणजे गायकाने मनावर घेतलं तर होतं.

आडवाट: स्मिथचं कौतुक मलाही आहे. पण न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडोत तिथल्या कायद्यांमुळे त्यालाही तिकिटांची फेरविक्री रोखता आली नाही. भांडायचंच तर त्या कायद्यांशी भांडा, सगळा राग एकट्या ब्रूसवर कशाला?