मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन यलोस्टोनहून बेअरटूथ हायवे

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जातोय. मुक्काम गार्डिनरला. एक दिवस लमार व्हॅलीतून पार्कच्या ईशान्येच्या गेटने बाहेर पडून बेअरटूथ हायवे हा डोंगरी रस्ता करायचा बेत आहे.

पलीकडच्या टोकाच्या रेड लॉज गावापर्यंत रस्ता 68 मैलांचाच, पण माथा 10,947 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! आईला गाडी लागते. आंबेनळी घाटात ती आलेपाकाची वडी तोंडात धरून डोळे मिटून बसते. बाबांना मात्र प्रत्येक वळणावर उतरून फोटो हवा असतो.

माथ्यावरूनच परत फिरावं का? नकाशात तरी खरी नागमोडी वळणं रेड लॉजच्या बाजूलाच दिसतायत. की परतताना चीफ जोसेफ रस्त्याने कोडी गावात उतरून तिथेच रात्र काढावी? एवढ्या उंचीवर तुमच्यापैकी कोणाच्या आई-बाबांना धाप लागली होती का? सप्टेंबरातही बर्फ पडून रस्ता मध्येच बंद होतो, तेव्हा ऐनवेळी काय केलंत?

आणि हो, लमारमध्ये बायसन रस्त्यातच ठाण मांडतात, त्यासाठी किती वेळ जादा धरू? बाबा तिथे उतरणार नाहीत याची जबाबदारी माझी.