रस्त्यावर कुणी वाट दिली, कुणी नाही दिली : तुमचे अनुभव लिहा

सातरस्तेकर

काल संध्याकाळी सोलापुरात आसरा चौकातून घरी येत होतो. एक आजी, हातात भाजीची पिशवी, अर्ध्या रस्त्यात अडकलेल्या. पुढंही जाता येईना आणि मागंही. सगळे डावीकडून उजवीकडून कट मारून चाललेले, वर हॉर्न. तेवढ्यात एका पोरानं, असेल वीस-एकवीसचा, गाडी सरळ आडवी लावली. मागचे ओरडायला लागले, हा जागचा हलला नाही. आजी पलीकडं पोचल्या आणि मगच यानं किक मारली. त्याचं तोंडही मला दिसलं नाही. घरी येऊन बराच वेळ काही सुचलं नाही, कारण अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील, सिटी बसला ड्रायव्हर होते. पहाटेची पहिली पाळी असायची, गाडीत सगळे कारखान्यावर जाणारे, यंत्रमागवाले, हातात डबे. स्टॉप सोडायच्या आधी अण्णा आरशात बघायचे, कोण पळत येतंय का. येत असलं तर थांबायचे. कंडक्टर घंटी मारून मारून वैतागायचा. अण्णा म्हणायचे, पळणाऱ्याचा डबा सांडतो रे, त्याला दिवसभर तेवढाच असतो. सिव्हिलच्या पुढनं जाताना हॉर्नला हात लावायचे नाहीत. दवाखान्याच्या चारी बाजूला १०० मीटर शांतता क्षेत्र असतं हे मी नियमात नंतर वाचलं, अण्णांकडून लहानपणीच बघितलं होतं.

शेवटच्या वर्षात एकदा मी त्यांना सात रस्त्याला सोडून गाडी लावायला गेलो. परत आलो तर तिथंच उभे. ज्या माणसानं २८ वर्षं ह्याच रस्त्यावर बस चालवली तो पंधरा मिनिटं कडेला उभा होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "कुणी तोंडाकडं बघतच नाही की रे. बघितलं तर कळतं ना, ह्याला जायचंय म्हणून."

तेव्हापासून रस्ता ओलांडणारा दिसला की मी त्याच्या तोंडाकडं बघतो. तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही. पुण्यामुंबईचं, हैदराबादचं पण चालेल, आपली निम्मी पोरं तिकडंच आहेत.

पूर्वभाग_अशोकचौक

अण्णा कुठल्या रूटला होते ओ? आई आमची त्या काळात पहाटेच्या बसनं जायची.

होटगीरोडची_ताई

वाचून पोटात कालवलं. मी स्कूटर ४२व्या वर्षी शिकले, मुलगी पुण्याला गेली मग कोण सोडणार कोण आणणार, तर शिकले. सगळ्यात त्रास म्हणजे संध्याकाळी समोरून अप्पर लाइट मारत येणारे, डोळ्यापुढं नुसतं पांढरं होतं, खड्डा आहे का गतिरोधक आहे का कुत्रं आहे काहीच दिसत नाही. डिप्पर मारून सांगितलं तर ते उलट आणखी अप्पर मारतात. शहरात रस्त्याला दिवे असताना अप्पर कशाला लागतो हेच मला समजत नाही. आणि बाई गाडीवर दिसली की मागून चिकटून येणारे वेगळेच. एकदा भर उन्हात माझी गाडी बंद पडली तेव्हा एका रिक्षावाल्या मामांनी रिक्षा कडेला घेतली, प्लग काढून पुसून दिला, पैसे घेतले नाहीत, वर पाण्याची बाटली दिली. एप्रिलमधलं आपलं ऊन माहितीच आहे. ४३-४४ मध्ये कोण थांबतं सांगा.

मालवाहू१३

मी २२ वर्षं झाली हेवी चालवतोय. सोलापूर पुणे मुंबई, कधी हैदराबाद, कधी विजापूर साइड. चार गोष्टी मनापासून सांगतो कारण ट्रकवाला म्हटलं की सगळे शिव्याच देतात.

आम्ही पुढच्या गाडीच्या मागं जागा सोडतो ती आमची थांबायची जागा असते. माल भरलेली गाडी कारसारखी जागच्या जागी थांबत नाही. ती मोकळी जागा दिसली की कारवाले, बाइकवाले त्यात घुसतात आणि लगेच ब्रेक मारतात. आमच्या छातीत धस्स होतं. दुसरं, केबिनच्या अगदी पुढं आणि डाव्या बाजूला खाली आम्हाला काहीच दिसत नाही. सिग्नलला डावीकडून येऊन तुम्ही चाकाजवळ उभे राहिलात तर तुम्ही आमच्यासाठी तिथं नसताच. आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसलं तरच समजा त्याला तुम्ही दिसलात. तुमचे अण्णा म्हणायचे ते ह्यालाच.

आता आमच्या लोकांची चूक पण सांगतो. पुण्याला कात्रजचा नवीन बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतार आहे. काही जण डिझेल वाचवायला तिथं गाडी न्यूट्रल करतात. गिअर काढला की इंजिनचा रोध जातो, सगळं वजन ब्रेकवर येतं, लायनर तापतात आणि पकडच राहत नाही. आमचा ब्रेक हवेवर चालतो, कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकच्या टाकीत हवा भरायची थांबते, दोन-चारदा ब्रेक दाबला की हवा संपली. किती माणसं गेली त्या उतारावर. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्यांदा हेच सांगतो, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर.

बाळ्याचा_पोरगा

@मालवाहू१३ दादा हे लई भारी सांगितलं. डावीकडून घुसायची सवय मला पण आहे. आजपासून बंद.

सिल्कबोर्डला_अडकलेला

बंगळूरला सहा वर्षं झाली. इथं लोक ट्रॅफिकला नावं ठेवतात पण सिल्क बोर्डच्या चौकात अडकलं तरी निदान बरेच जण आपल्या ओळीत उभे राहतात. सुट्टीला सोलापूरला आलो की पहिले दोन दिवस गाडीला हात लावत नाही, विजापूर रोडला राँग साइडनं येणाऱ्याची डोळ्याला परत सवय व्हावी लागते. आणि येणारा आपल्यालाच हात करून सांगतो बाजूला हो म्हणून.

मुंबईचा एक अनुभव. अंधेरीला रिक्षात बसलो, उतरताना मीटर बघून वीस रुपये जास्त दिले तर त्यांनी मोजून परत दिले, म्हणाले मीटरचे तेवढेच घेणार. मी तिथंच दोन मिनिटं उभा राहिलो.

विडीघरकुल

मीटरचं सोडा दादा, आमच्याकडं शेअर रिक्षात आठ आठ सीट भरतात. कुंभारीवरनं गावात यायला दुसरं काय आहे पहाटे. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला दोन माणसं आणि त्याचा हात हँडलपर्यंत पोचतोय का नाही तेच कळत नाही. बोललं तर म्हणतात उतरा मग. पण एक भाऊ आहेत, नाव नाही सांगत, ते कॉलेजच्या पोरींना कधीच पुढं बसवत नाहीत. पुरुषमाणसाला पुढं या म्हणतात आणि पोरीला मागं जागा करून देतात. पुढं कुणाला नाही बसवलं तर एका फेरीला त्यांचं किती जातं ते मला माहीत आहे, म्हणून ते अर्धवटच पाळतात, तरी माझी मुलगी त्यांच्याच रिक्षाची वाट बघते.

अक्का_दाजीपेठ

हैदराबादला नणंदेकडं गेले होते तेव्हा अमीरपेठेत रस्ता ओलांडायचा होता, छातीच झाली नाही. मग एका बसवाल्याला खिडकीतून तेलुगूत म्हटलं, अण्णा, कोंचम आगंडी. बस थांबली, शेजारची कार थांबली, ते हसून म्हणाले या अक्का. आपलं तेलुगू असं कामाला आलं. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या.

मोहोळ_वाट

लिहू का नको करत होतो. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. रात्री साडेआठची वेळ, कारखाने चालू असलेला सीझन, उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड ठेवलेले तेवढे. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यावर आणि ट्रॉली एकदम पुढं. हेल्मेट होतं. तरी.

ट्रॉलीवाला पण गरीब माणूस, तो पळून गेला नाही, त्यानंच उचलून गाडीत घातलं. त्याच्यावर मला राग काढता आला नाही. आता कारखाने चालू झाले की मी रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्या घेऊन ठेवतो. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी दिसली की थांबतो, विचारतो, लावतो. मागच्या सीझनला ४० लावल्या.

होटगीरोडची_ताई

देवा. काय बोलू भाऊ. वर मी अप्परचं लिहिलं ते किती सहज लिहिलं होतं.

सातरस्तेकर

@मोहोळ_वाट पट्ट्या कुठून घेता ते कळवा. मी पण घेतो.

ट्रॅक्टरवाला_मंगळवेढा

भाऊ तुमच्या भावाला नमस्कार. आमचं पण ऐका. दोन ट्रॉल्या मागं असतात आणि ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. ट्रॉलीला ब्रेक नसतोय. आम्ही ब्रेक दाबला की मागचं वजन ढकलत येतंय, म्हणून कुणी पुढं येऊन कचकन थांबू नका, हात जोडून सांगतो. आणि ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला असतो, ओव्हरटेक करताना तेवढं अंतर जास्त ठेवा. मी दोन वर्षं झाली मागं पट्ट्या लावल्यात आणि बॅटरीवरचा लाल दिवा पण. टोळीतल्या चौघांना लावायला लावल्या. बाकीच्यांना सांगतोय.

दक्षिणसदर

एक माहिती द्यावीशी वाटते. अपघात दिसला तरी लोक पोलिसांच्या भीतीनं थांबत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं का नाही ते तुमच्यावर. आणि मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला योजनेतल्या दवाखान्यात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत, त्यामुळं पैसे कोण भरणार म्हणून उचलायचं थांबू नका. १०८ ला फोन लावा, हायवेवर असाल तर १०३३ पण आहे. मी स्वतः एकदा होटगी रोडला एका पोराला रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, किती वाजता पडला. रिक्षावाल्यानं सीटवरचं रक्त स्वतः धुतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला बघायला आला.

एका_मुलाचा_बाप

मी चूक केली ती लिहितो. मुलगा दहावीला होता, क्लास लांब म्हणून गाडी दिली. सगळेच देतात म्हणून दिली. त्यानं एका भाजीवाल्या मावशींना उडवलं, त्यांचा हात मोडला. मावशींच्या घरी गेलो, दवाखान्याचं केलं, दीड महिना त्यांची रोजची कमाई पोचवली. कायद्यानं अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वय होईपर्यंत लायसन नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी दिली असती बहुतेक, म्हणूनच सांगतोय. मावशींनी पोराला जवळ घेतलं आणि म्हणाल्या सायकल चालव लेकरा. तो आता सायकलनंच जातो. अजून दर महिन्याला त्यांच्याकडनंच भाजी आणतो.

पूर्वभाग_अशोकचौक

काळ्या काचांचं पण कुणीतरी लिहा. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळी फिल्म बंद केली, तरी आपल्याकडं आतला माणूस दिसत नाही अशा किती गाड्या फिरतात. अण्णांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं होतं मग?

गड्ड्याची_वाट_बघणारी

मला संक्रांत आठवली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, अख्खं सोलापूर रस्त्यावर, बाराबंदी घातलेले, अनवाणी. एवढ्या गर्दीत कुणी कुणाला ढकलत नाही. नंदीध्वज पेलणारा दमला की पुढचा आपोआप खांदा द्यायला येतो, म्हाताऱ्यांना पुढं करतात, लेकरू खांद्यावर घेतात अनोळखी माणसं. मी पुण्याला नोकरीला आहे, तिथं ऑफिसात सांगते तर खरं वाटत नाही कुणाला. तीच माणसं, तेच रस्ते. म्हणजे आपल्याला येतं हे. ह्या वेळी येताना हुतात्मा एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळतंय का बघते, नाहीतर परत बस.

बाळ्याचा_पोरगा

ताई येताना काही आणू नका, जाताना शेंगा चटणी न्या फक्त.

गड्ड्याची_वाट_बघणारी

ती तर दोन किलो ठरलेली आहे. आणि कडक भाकरी. रूममेट वाट बघत असतात.

होटगीरोडची_ताई

हेल्मेटवाल्यांना एक सांगते, उन्हाळ्यात आत सुती रुमाल भिजवून पिळून बांधा. डोकं तापत नाही. उकडतं म्हणून हेल्मेट काढू नका रे बाबांनो.

मोहोळ_वाट

@सातरस्तेकर स्टेशनरीच्या दुकानातली चमकी पट्टी घेऊ नका, पावसात निघते. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात लाल रिफ्लेक्टर टेप म्हणून मागा, रोल मिळतो. ट्रॉलीची फळी आधी कोरड्या फडक्यानं पुसायची, धूळ असली की चिकटत नाही. एका ट्रॉलीला वीतभर लांबीचे सहा तुकडे पुरतात, आणि दोन्ही कोपऱ्यांना लावायचे म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे ते कळतं.

सातरस्तेकर

रोल घेतो उद्याच. रविवारी मोहोळ साइडला येऊ का तुमच्याबरोबर? एकट्यानं गाडी थांबवून विचारायला जरा जड जाईल मला पहिल्यांदा.

@पूर्वभाग अण्णा बरीच वर्षं स्टेशन ते अक्कलकोट रोड एमआयडीसी होते.

मोहोळ_वाट

या की. दुपारी चार वाजता निघू, अंधार पडायच्या आत चार-पाच तरी होतात.

पूर्वभाग_अशोकचौक

आईला विचारलं आत्ता. ती त्याच रूटला होती पण म्हणाली नक्की आठवत नाही, तिच्या बसचे ड्रायव्हर जाड मिशीवाले होते आणि गाडीत शिरलं की पहिल्यांदा "बसा, बसा मावशी" म्हणायचे. तुमच्या अण्णांना मिशी होती का ओ?

सातरस्तेकर

मिशी नव्हती ओ. पण आईंना सांगा, ते मिशीवाले काका आमच्या घरी यायचे, अण्णांच्या शेजारच्या पाळीला होते. लग्नात त्यांनीच मला घोड्यावर बसवलं होतं.