मदत हवी आहे: ‘अडवलेले मेल’ नक्की मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेचा मेलसर्व्हर मी सांभाळते. पुढे मेल घेणारं-पोचवणारं पोस्टफिक्स, मागे मेल तपासून घेणारं अमाविस, त्याच्या जोडीला स्पॅम ओळखायला गुण देणारं स्पॅमअसॅसिन आणि व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही. दर महिन्याला वरिष्ठांना अहवाल जातो, त्यात ‘अडवलेले मेल’ असा एक रकाना आहे. पोस्टफिक्सच्या लॉगचा गोषवारा काढणाऱ्या पीएफलॉगसमचा आकडा घेतला तर तो प्रचंड येतो. अमाविसच्या लॉगमधल्या ‘ब्लॉक्ड’ ओळी मोजल्या तर त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. क्वारंटाइनमधल्या (अडवलेले मेल बाजूला ठेवतात त्या जागेतल्या) फायली मोजाव्यात तर तिसराच आकडा. महिना तोच, सर्व्हर तोच.

याच रकान्याने भागून ‘चुकून अडकलेले मेल किती टक्के’ हे काढतात. उत्तर नगण्य येतं, त्यामुळे क्वारंटाइन रोज तपासायला माणूस द्यायला कोणी तयार नाही. तिकडे एखाद्याचा अर्ज, एखाद्याचं बिल आत पडून राहतं आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मला हे फार खटकतं.

पन्नास जणांना आलेला मेल दारातच, म्हणजे मजकूर घेण्याआधीच, नाकारला तर तो एक धरायचा की पन्नास? स्पॅमही आहे आणि व्हायरसही, तो कुठल्या रकान्यात? आणि विषयात ‘स्पॅम’ असा शिक्का मारून पोचवलेला मेल अडवलेला म्हणायचा का?

लॉगवाचक:
आधी दाराशी काय होतं ते बघा. पोस्टफिक्सचं ‘एसएमटीपीडी डिले रिजेक्ट’ हे सेटिंग मुळातच चालू असतं. पाठवणाऱ्याचा आयपी काळ्या यादीत असला तरी त्याला लगेच हाकलत नाहीत. त्याने प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगेपर्यंत थांबतात, म्हणजे कोणाकडून कोणाला हे लॉगमध्ये नोंदवता येतं. त्यामुळे प्रत्येक पत्त्यामागे ‘नोक्यू: रिजेक्ट’ची एक ओळ पडते. पन्नास पत्ते, पन्नास ओळी. मजकूर आलेलाच नसतो, रांगेतला क्रमांकही मिळालेला नसतो. तेव्हा हा नाकारलेल्या पत्त्यांचा आकडा आहे. त्याला मेलचा आकडा म्हणू नका.

तुमच्याकडे ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला परत पाठवणं, आहे का? असेल तर ४५० हा तात्पुरत्या नकाराचा कोड देऊन ‘नंतर या’ म्हटलेलेही पीएफलॉगसम रिजेक्टमध्येच धरतं. नीट चालणारा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो आणि तोच मेल पोचवतो. म्हणजे एकच मेल नाकारलेल्यातही आणि पोचलेल्यातही.

मूळ प्रश्नकर्ती:
ग्रेलिस्टिंग आहे! ४ ने सुरू होणारे कोड बाजूला काढले आणि रिजेक्टचा आकडा एकदम खाली आला. मनापासून आभार. पण पोचलेल्यांचा आकडाही मला फुगलेला वाटतोय. आमच्या लोकांना इतके मेल येतच नाहीत.

रांगेतला:
तो अमाविसच्या फेरीमुळे फुगतो. नेहमीच्या मांडणीत पोस्टफिक्स मेल १००२४ पोर्टवर अमाविसला देतं, अमाविस तपासून १००२५ वर परत देतं, आणि पोस्टफिक्स त्याला नवा मेल समजून रांगेत नवा क्रमांक देतं. चांगला मेल लॉगमध्ये दोनदा ‘सेंट’ होतो.

याहून मोठी फसगत पुढे आहे. अमाविसने गिळलेल्या स्पॅमची पोस्टफिक्सच्या लॉगमधली ओळ नीट वाचा. स्टेटस ‘सेंट’, पुढे कंसात २५० ओके, आणि मग ‘डिस्कार्डेड’, म्हणजे टाकून दिलं. पोस्टफिक्सच्या लेखी मेल पुढे सोपवला, त्याचं काम झालं. म्हणून अडवलेला स्पॅमही पोचलेल्यात मोजला जातो. पोचलेले मोजताना १००२४ कडे गेलेल्या ओळी वगळा, दोन्ही दुरुस्त्या एका झटक्यात होतील.

क्वारंटाइनचा आकडा वेगळा येतो कारण ‘क्वारंटाइन कटऑफ’ ठरवलेला असेल तर त्याहून जास्त गुण मिळालेल्या स्पॅमची प्रत ठेवलीच जात नाही. कॉन्फिगमध्ये एकदा बघून घ्या.

स्पॅम आणि व्हायरस दोन्ही असेल तर अमाविसमध्ये व्हायरस वरचढ. त्याखाली बंदी असलेल्या जोडफाइली, त्याखाली स्पॅम. मेल एकाच रकान्यात जातो. पण हा काही जगन्मान्य नियम नाही. सिस्कोच्या ईमेल गेटवेच्या अहवालात दोन्ही असलेला मेल स्पॅममध्ये धरतात, व्हायरसच्या रकान्यात फक्त ‘स्पॅम नसलेले’ उरतात. शिवाय तिथला, पाठवणाऱ्या आयपीच्या रेप्युटेशनवरून थांबवलेल्यांचा आकडा काही अंशी अंदाजाचा असतो, कारण नाकारलेल्या जोडण्यांना एका जोडणीमागे अमुक मेल असं धरून गुणतात. दुसऱ्या संस्थेच्या आकड्याशी तुलना करायला कोणी सांगितलं तर हे आधी दाखवा.

शिक्का मारलेला मेल अडवलेला नाही. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ गुणांची, पण अमाविसला शिक्क्याची मर्यादा वेगळी आणि अडवायची वेगळी ठेवता येते. मधल्या पट्ट्यातला मेल लॉगमध्ये ‘पास्ड स्पॅमी’ म्हणून दिसतो आणि माणसापर्यंत जातो. त्याला स्वतंत्र रकाना द्या.

लॉगवाचक:
टक्केवारीबद्दल माझं ठाम मत आहे. दाराशी नाकारलेले पत्ते छेदात घ्यायचेच नाहीत. त्यांना ५ ने सुरू होणारा, कायमच्या नकाराचा कोड गेलेला असतो, त्यामुळे पाठवणारा खरा असेल तर त्याच्या सर्व्हरकडून त्याला ‘पोचलं नाही’ असं कळतं. डिस्कार्ड झालेल्याला काहीच कळत नाही. छेदात फक्त ते घ्या जे पूर्ण वाचून अडवले.

आणि ‘सोडवून दिलेले’ म्हणजे ‘चुकून अडकलेले’ असंही समजू नका. कोणी मागितला तरच मेल सुटतो. क्वारंटाइनमधून यादृच्छिक नमुना घ्या आणि प्रत्येक मेलचं पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि गुण डोळ्यांनी बघा. ५० गुणांचे सोडा, मर्यादेच्या जेमतेम वर असलेले आधी घ्या. खरी पत्रं बहुतेक तिथेच सापडतात.

मूळ प्रश्नकर्ती:
नमुना घेऊन पाहिला. मर्यादेच्या लगतच्या पट्ट्यात खरी पत्रं आहेत, आणि नव्या छेदाने टक्केवारी आता नगण्य म्हणण्यासारखी राहिलेली नाही. या महिन्याच्या अहवालात नाकारलेले पत्ते, अडवलेले मेल आणि शिक्का मारलेले मेल असे तीन रकाने करते आहे, बेरीज कुठेच नाही. क्वारंटाइनला माणूस हवा ही मागणीही त्याच पानावर टाकते. अमाविसला डिस्कार्डऐवजी रांगेआधीच तपासायला लावून स्पॅमला तिथल्या तिथे नकार देता येईल का, हे कोणी चालवत असेल तर सांगा. मोठ्या जोडफाइली आल्या की जोडण्या अडकून पडतात का, एवढंच जाणून घ्यायचं आहे.