आई ५८ जणांच्या वर्गात शिकली, लेकीच्या वर्गात २४. नेमकं काय बदललं?

सांजवेळ:
कपाट आवरताना आईच्या पहिलीच्या वर्गाचा फोटो सापडला. मोजली तर ५८ डोकी! मागची रांग बाकांवर उभी, पुढची मांडी घालून, आणि कडेला बाई फोटोत अर्ध्याच आल्यात. माझ्या वर्गात आम्ही ४१. लेकीच्या वर्गाचा पट २४. तरी परवा पालकसभेत ‘वर्ग फार मोठा आहे’ अशी तक्रार झाली, आणि तक्रार करणाऱ्यांत मीही होते. घरी आल्यावर आईने ऐकवलंच, "आम्ही ५८ जणं शिकलोच ना? कुणाचं काय अडलं?" मला उत्तर सुचलं नाही. पट कमी व्हायलाच हवा होता, की आम्हीच नाजूक झालोय?

आकडेमोड:
एकेकाळी मोठा वर्ग मुद्दाम केला जायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी, आणि १७९८ पासून लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी थोरल्या मुलांनाच धाकट्यांचे मास्तर केलं. एका दालनात शेकडो पोरं नि खरा मास्तर एक. पुढे शिक्षण सक्तीचं झालं, पोरं आली; खोल्या आणि शिक्षक मागाहून. जपानने १९५८ साली कायदा केला तेव्हा वर्गाची मर्यादा ५० होती. मग ४५, मग ४०, आणि २०२१ च्या दुरुस्तीने प्राथमिकला टप्प्याटप्प्याने ३५. जन्मदरही घसरत गेला, म्हणजे थोडी घट कुणी काही न करताच झाली.

परिणामाचं विचाराल तर अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं वाटली, काही १३ ते १७ च्या वर्गांत, काही २२ ते २५ च्या. लहान वर्गातली वाचनात नि गणितात पुढे गेली, गरीब घरातल्यांना जास्त फायदा झाला. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग २० वर आणायला घेतले. एकदम इतके शिक्षक लागले की पुरेशी पात्रता नसलेलेही भरावे लागले.

खडूची_धूळ:
मी ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. सर्वांत मोठा पट ६२, निवृत्त होताना २६.

६२ असताना वह्या रांगेने तपासायचे. सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी, म्हणजे एका पोराची पाळी आठवड्यातून एकदा. त्यात एक मुलगा कित्येक महिने शेजाऱ्याचं बघून उतरवत होता. अक्षर मात्र सुरेख! मी दोनदा ‘छान’ असा शेराही दिला. सहामाहीला जागा बदलली आणि कागद कोरा आला. तो शेरा अजून टोचतो.

२६ च्या वर्गात पोराशेजारी बसायला वेळ मिळायचा. एक मुलगी ‘अ’ काढताना आधी काना ओढायची आणि उरलेल्या जागेत बाकीचं कोंबायची. तपासायला आलेल्या वहीत हे कळत नाही, हात चालताना बघावा लागतो.

काम कमी झालं असं मात्र समजू नका. प्रत्येकाची वेगळी नोंद, प्रत्येक पालकाला निरोप. (६२ असताना कुणी विचारायलाच येत नसे, तेही सुखच होतं म्हणा.)

सांजवेळ ताई, आईंकडे चौथीचा फोटो आहे का? त्यातली डोकी मोजा.

मागचा_बाक:
आमच्या खोलीत आम्ही ३१ होतो, पण इयत्ता चार आणि गुरुजी एक. पहिलीत आम्ही नऊच! कागदावर आमच्या वर्गाचा हेवा वाटला असता. गुरुजी चौथीला भागाकार शिकवायचे, तोवर आम्ही पाढे गिरवत नाहीतर खिडकीबाहेर बघत.

सांजवेळ:
बाई, चौथीचा मिळाला. ३३.

आई बराच वेळ पहिलीच्या फोटोवर बोट फिरवत नावं घेत होती. तिच्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी आहे, आईच्या खांद्यावर हात टाकून बसलेली. चौथीच्या फोटोत ती नाही. "तिला धाकटा भाऊ झाला ना, मग त्याला सांभाळायला घरीच राहिली," आई म्हणाली. मग दोन्ही फोटो घेऊन आत गेली.